इन्कम टॅक्सचं ऑनलाइन रिटर्न: गल्लीतल्या बिनफी कन्सल्टंटचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी सीए नाही आणि टॅक्स कन्सल्टंट पण नाही. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे, त्यामुळं घरचे, पाहुणे, गल्लीतले असे बऱ्याच जणांचे रिटर्न दरवर्षी माझ्या लॅपटॉपवरनं जातात, फी म्हणून चहा आणि कोण लयच खूश झालं तर मिसळ. आता भाचीनं एम.कॉम.च्या प्रोजेक्टला विषय घेतलाय की ऑनलाइन रिटर्नमुळं टॅक्स भरणाऱ्यांची वृत्ती बदलली का आणि लोक जास्त इमानदारीत भरायला लागले का. तिनं मला पण प्रश्नावली पाठवली, 'पूर्णपणे सहमत' पासून 'पूर्णपणे असहमत' पर्यंत पाच गोल, त्यातला एक निवडायचा. माझं म्हणणं काय त्या गोलात बसेना, म्हणून इथं सरळ सर्व्हिसचा रिव्ह्यूच लिहितोय. स्टार शेवटी देतो.

ज्यांनी आधीचा जमाना बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं. आमचे आबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्या वेळेला 'सरल' नावाचा एक पानी फॉर्म होता, नाव सरल पण भरायला बसले की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. भरून झाला की इस्त्रीचा शर्ट घालून ताराबाई पार्कात आयकर भवनला जायचे, पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायचे आणि ती पावती एलआयसीच्या फायलीत जायची. त्यात चोरण्यासारखं काही नव्हतंच, मास्तरांचा टॅक्स पगारातनंच कापून जायचा, तरी पण त्या ऑफिसची एक भीती असायची, तिथं ओळखीचा माणूस असला तर बरं असं सगळेच म्हणायचे. धंदेवाल्यांचं तर वेगळंच, त्यांचं रिटर्न म्हणजे वकील आणि सीए यांच्यातली गोष्ट, स्वतः मालकाला विचारलं किती दाखवलंय तर तो म्हणणार 'साहेबांनी काय ते बघितलंय'.

मग ऑनलाइन आलं, पण एकदम नाही. आधी २००६ च्या सुमाराला कंपन्यांना सक्ती, मग २०१२ ला १० लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना, पुढच्या वर्षी ५ लाखांच्या वर. आणि तेव्हाचं ऑनलाइन म्हणजे अर्धं ऑनलाइन होतं, रिटर्न कॉम्प्युटरवर भरायचं आणि मग एक पानाची प्रिंट काढून सही करून बंगळूरला पोस्टानं पाठवायची, साधं पोस्ट नाहीतर स्पीड पोस्ट, कुरियर चालत नव्हतं, १२० दिवसांच्या आत पोचलं पाहिजे. बारकोडवर सही गेली तर काय होईल म्हणून माणसं कोपऱ्यात बारकी सही करायची. २०१५ पासून आधारच्या ओटीपीवर काम व्हायला लागलं आणि तिथनं खरा फरक पडला. आता ही मुदत ३० दिवसांची आहे, ऑगस्ट २०२२ पासून, आणि हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. रिटर्न भरलं म्हणून निवांत बसतात आणि व्हेरिफाय करायचं, म्हणजे हे रिटर्न माझंच असं ओटीपीनं सांगायचं, राहतं, म्हणजे भरलं काय आणि नाही भरलं काय सारखंच.

सध्याचं जे पोर्टल आहे ते ७ जून २०२१ ला सुरू झालं आणि सुरुवातीला त्यानं देशभरात जो काय गोंधळ घातला तो पेपरात सगळ्यांनी वाचलाय, अर्थमंत्र्यांनी पोर्टल बनवणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओंना बोलावून घेतलं होतं आणि त्या वर्षीची शेवटची तारीख ढकलत ढकलत ३१ डिसेंबरला नेली होती. तो इतिहास झाला. आजच्या तारखेला साधा पगारदार असेल, एक घर, दोन एफडी, तर चहा गार व्हायच्या आत रिटर्न जातं, ही अतिशयोक्ती नाही. पॅन टाकायचा, ओटीपी, फॉर्म उघडला की पगार, टीडीएस (आधीच कापून गेलेला टॅक्स), बँकेचं व्याज आधीच भरून आलेलं असतं, तुम्ही फक्त बघायचं आणि पुढं जायचं. आणि रिफंड! सरकारी आकडाच आहे, की रिटर्नची प्रोसेसिंग २०१९-२० च्या असेसमेंट इयरला (रिटर्न भरायच्या वर्षाला) सरासरी ८२ दिवसांत व्हायची ती २०२३-२४ ला १० दिवसांवर आली. आमच्या फाउंड्रीतल्या पोरांना 'रिटर्न भरा, लोनला उपयोगी पडतं' असं मी वर्षानुवर्षं सांगत होतो, कुणी ऐकलं नाही, एकाच्या मोबाइलवर रिफंड जमा झाल्याचा मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापुढं लाइन. लोकांचा सरकारवर विश्वास बसायला भाषणं नकोत, पैसे वेळेत परत आले की बसतो.

आता मुख्य मुद्दा, भाचीच्या प्रश्नावलीतला. लोक इमानदार झाले का?

एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारच्या काकू, राजारामपुरीत त्यांचं जुनं घर आहे, तिथं कॉलेजची पोरं कॉट बेसिसवर राहतात. काका गेल्यापासून सगळं त्याच बघतात, हुशार बाई. गेल्या वर्षी पहिल्यांदा त्यांचं एआयएस उघडून दाखवलं, एआयएस म्हणजे ॲन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंट, नोव्हेंबर २०२१ पासून आलंय, तुमच्या पॅनवर वर्षभरात कुणी काय कळवलं ते सगळं एका पीडीएफमध्ये. फाइलला पासवर्ड असतो, पॅन इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि पुढं जन्मतारीख. उघडलं तर कुठल्या बँकेत सेव्हिंगचं किती व्याज, कुठल्या एफडीचं किती, शेअरचा डिव्हिडंड ४२ रुपये, काकांनी कधी काळी घेतलेले शेअर त्यांच्या नावावर झालेले, ते पण. काकू चष्मा वर करून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आगं बाई, हे ह्यास्नी कुणी सांगितलं?" मग स्क्रीनला बोट लावून एक एक ओळ वाचली, वाचून झाल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "कॉटभाड्याचं दिसंना कुठं."

"नाही दिसत काकू, ते रोख येतंय न्हवं."

"मग नको दाखवायला?"

बघा, विषय हार्ड झाला का नाही. मी सांगितलं की दाखवायलाच पाहिजे, भाडं धरायचं, घरफाळा वजा करायचा, राहिलं त्याचे ३० टक्के दुरुस्तीचे म्हणून सरळ वजा मिळतात, उरलेल्यावर टॅक्स, आणि तुमच्या उत्पन्नाला तो शून्यच बसतोय, मग लपवायचं कशाला. तेव्हा कबूल झाल्या. पण टॅक्स बसला असता तर झाल्या असत्या का, मला शंका आहे, आणि त्या बाई आयुष्यात कुणाचा रुपाया न बुडवलेल्या आहेत. खोटं बोलायची वृत्ती नाही ही. फॉर्म भरून आलेला असला की माणसाला वाटतं सरकारनंच यादी केली, यादीत नाही म्हणजे नसेलच लागत. म्हणजे पूर्वी माणूस विचार करायचा किती सांगायचं, आता विचार करतो किती दिसतंय. जे दिसतंय त्याला एक पैसा कमी नाही, आणि जे दिसत नाही ते पूर्वी निदान मनात टोचायचं तरी, आता टोचायचं पण बंद झालंय.

भाचीनं यावर एक भारी गोष्ट सांगितली. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी तिथल्या टॅक्स खात्याबरोबर मिळून हजारो लोकांचे रिटर्न खरोखर तपासून बघितले, २०११ ला तो अभ्यास छापून आला. तर मालकानं, बँकेनं जे आधीच कळवलेलं असतं त्यात चोरी जवळजवळ शून्य, आणि जे माणसानं स्वतः सांगायचं असतं त्यात मात्र बक्कळ. म्हणजे डेन्मार्कचा माणूस पण आपल्या लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यासारखाच आहे म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

आपल्याकडं न दिसणारं काय काय आहे ते कोल्हापूरवाल्याला सांगायला नको. पतसंस्था घ्या. बँकेच्या एफडीवर टीडीएस कापला जातो, एआयएसला ओळ येते, पण छोट्या पतसंस्थेनं आपल्या सभासदाला दिलेल्या व्याजावर टीडीएस नसतो आणि ते व्याज बऱ्याचदा तिथं दिसत पण नाही. मग काय, 'पतसंस्थेचं टॅक्स फ्री असतंय' हा आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात लाडका गैरसमज. टॅक्स फ्री नाही बाबांनो, फक्त कापलेलं नाही. दुधाचं तसंच, घरी चार म्हशी आहेत, दर दहा दिवसांना संस्थेचं बिल येतं, आणि मालक छातीठोक सांगतो शेतीचं उत्पन्न आहे म्हणून. दुधाचा धंदा कायद्यानं शेतीत येत नाही. ऊस येतो, दूध नाही.

आणि ऊस आला की पोर्टलचा खरा दोष येतो, निदान आपल्या भागापुरता. शेतीचं उत्पन्न करमाफ आहे, पण ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म भरता येत नाही, आयटीआर-२ ला जावं लागतं, आणि धंदेवाल्याचा सोपा आयटीआर-४ असेल तर तो सोडून आयटीआर-३. आता सांगा, पाच हजार! अर्धा एकर ऊस असला तरी कारखान्याचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. एमआयडीसीतला निम्मा कामगार गावाकडनं येतो, सगळ्यांच्या घरी थोडी का होईना शेती आहे आणि सगळे आयटीआर-१ भरतात. शेतीच्या कॉलममध्ये शून्य. त्यांना टॅक्स चुकवायचा नसतो, पण मोठा फॉर्म उघडला की त्याची शेड्यूलं बघूनच माणूस परत फिरतो. खरं सांगणाऱ्याला अवघड फॉर्म आणि गप्प बसणाऱ्याला सोपा, असं असल्यावर दुसरं काय होणार. वर शेतीचं उत्पन्न नुसतं माफ असून भागत नाही, बाकीचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं की शेतीचं त्यात मिळवून टॅक्सचा दर काढतात, हे तर लोकांना ऐकून पण माहीत नसतं. या मर्यादेसाठी एक पूर्ण स्टार कापतोय मी.

धंदेवाल्यांचं दुसरं टोक. आमचे दाजी, शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान आहे. ४४एडी कलमाखाली भरतात, म्हणजे वह्या ठेवायची कटकट नाही, रोख धंद्यावर ८ टक्के नफा धरायचा आणि बँकेतनं, यूपीआयनं आलेल्यावर ६ टक्के, मर्यादा २ कोटी, आणि रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. हा २ टक्क्यांचा फरक दाजींना समजला तेव्हापासनं गिऱ्हाईकाला स्वतःहून म्हणतात, "स्कॅन करा की." ही माझ्या मते सगळ्यात चांगली युक्ती, धाक नाही काही नाही, प्रामाणिक वागला तर स्वस्तात पडतंय एवढंच. पण २०२५ च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरनं जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तिकडं 'फक्त कॅश' असे बोर्ड लागले, आणि निपाणी काय लांब आहे का, बातमी इकडं यायला वेळ लागत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं क्यूआर कोड काढून गल्ल्याच्या आत ठेवला. त्याला म्हटलं भावा, ते जीएसटी, ते पण उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर, तुझं पान किती खपतंय. तरी महिनाभर कोड आतच. दिसण्याची भीती बसली की माणूस खरं सांगायला जात नाही, न दिसायची सोय बघतो.

आता जरा चोरांबद्दल. पोर्टलवर कागद जोडावे लागत नाहीत, वजावटीचा नुसता आकडा टाकायचा. या सोयीवर काही जणांनी धंदाच काढला. आमच्या फाउंड्रीत असाच एक एजंट यायचा, 'कापलेला टॅक्स परत मिळवून देतो, मला त्यातले अमुक टक्के'. राजकीय पक्षाला देणगी दाखव, घरभाडं दाखव, नसलेलं शिक्षणाचं कर्ज दाखव, पोरांना वाटलं हा जादूगार आहे. रिफंड आले पण. मग सरकारनं डेटा जुळवायला सुरुवात केली, मेसेज आणि ईमेल यायला लागले की तुमची वजावट तपासून घ्या, आणि जुलै २०२५ मध्ये खात्यानंच सांगितलं की चार महिन्यांत जवळपास ४०,००० जणांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागं घेतले. यात आमची काही पोरं पण धरा. घेतलेला रिफंड परत, वर व्याज, वर जितकी वर्षं लांबेल तसा जादा टॅक्स, २५ टक्क्यांपासनं सुरू होऊन ७० पर्यंत जातो. एजंटाचा फोन तेव्हा स्विच ऑफ. त्याच वर्षी फॉर्मच बदलला, आता पॉलिसीचा नंबर, कर्जाचा खाते नंबर असं सगळं विचारतात. बरं झालं, पण खरं दाखवणाऱ्याला जास्त टाइप करावं लागतं, हे पण खरं.

तसं नव्या रिजीमनं, म्हणजे कमी दराच्या नव्या करपद्धतीनं, हा खेळच कमी केलाय. ३१ जुलै २०२४ पर्यंत ७.२८ कोटी रिटर्न आले, आदल्या वर्षी त्याच तारखेला ६.७७ कोटी होते, आणि या ७.२८ मधले ५.२७ कोटी नव्या रिजीमचे. तिथं बहुतेक वजावटीच नाहीत, मग खोटं दाखवायचं काय? पण आकडा वाढला म्हणून लगेच ढोल-ताशे लावायला नकोत, यात टॅक्स शून्य असणारे लय आहेत, लोन, व्हिसा आणि रिफंड यासाठी भरणारे. आणि उलटा गैरसमज पण आलाय, '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणजे रिटर्न पण नाही'. टॅक्स माफ आहे तो रिबेटमुळं, म्हणजे बसलेल्या टॅक्सवर मिळणाऱ्या सवलतीमुळं, रिटर्न भरायची हद्द नव्या रिजीमला ४ लाख आहे. या वर्षी मी हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की बायको आतनं पूर्ण करते.

नोटिशीबद्दल थोडक्यात. तपासणी आता फेसलेस आहे, ऑगस्ट २०२० पासून मोठ्या प्रमाणावर, तुमची फाइल देशात कुठला अधिकारी बघतोय कळत नाही. साहेबांना भेटून मिटवणं बंद, हे शंभर टक्के चांगलं. पण आबांसारख्या माणसाला वाटतं की समोर बसून दोन मिनिटात सांगितलं असतं, आता तेच इंग्रजीत टाइप करून पीडीएफ जोडा. खोट्या मेसेजची भीती असेल तर एक करा, ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर, असतो, पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून पत्र खरं का खोटं बघता येतं. लिंक मात्र दाबू नका.

अडचणी आणखी दोन आहेत. एक, सगळं आधारच्या मोबाइल नंबरवर लटकलेलं. म्हाताऱ्या माणसांच्या आधारला नंबर असतो पुण्यातल्या नातवाचा, तो मीटिंगमध्ये, इकडं ओटीपीची वेळ संपली. दोन, रिफंडचं खातं आधी व्हॅलिडेट करावं लागतं आणि पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळलं पाहिजे. आबांचं एका बँकेत नाव 'मारुती', पॅनवर 'मारूती', ऱ्हस्व-दीर्घ इंग्रजीत आलं की एकाचा यू आणि दुसऱ्याचे दोन ओ. ते दुरुस्त करायला बँकेनं जे काय पळवलं त्यावर वेगळा रिव्ह्यू होईल, बँकेचं नाव घेत नाही.

आणि शेवटची तारीख. २०२५ ला ३१ जुलैची १५ सप्टेंबर केली, सगळे निवांत, मग शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम घुसले, ३० सप्टेंबरपर्यंत वाढली म्हणून खोटा मेसेज फिरला, खात्याला तो खोडून काढावा लागला आणि शेवटी वाढवली ती एकच दिवस, १६ तारीख, ते पण रात्री उशिरा. दरवर्षी तारीख वाढेल असं वाटायला लावायचं आणि मग लोक शेवटच्या दिवशी येतात म्हणून वैतागायचं, यात चूक कुणाची? उशीर झाला तर ५,००० दंड, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

तर स्टार. वापरायला सोपं म्हणून चार, रिफंडच्या स्पीडला पाच, शेतकऱ्याच्या पोराला दिलेल्या वागणुकीला दोन, एकूण साडेतीन. पगार आणि एफडी एवढंच असेल तर स्वतः भरा, कुणाला पैसे देऊ नका. शेअरची खरेदी-विक्री, घर विकलेलं, धंदा आणि ऊस दोन्ही असेल तर सरळ चांगला सीए गाठा, फी वसूल होते. १५ जूनच्या आधी बसू नका, फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) तोवर येतो आणि बँकांचे आकडे पण तोवर एआयएसला चढतात, आधी भरलं तर अर्धवट माहितीवर भरल्यासारखं होतं. एआयएसमध्ये चुकीची ओळ दिसली तर तिथंच फीडबॅकचं बटण आहे, 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे', 'दोनदा आली आहे' असे पर्याय मिळतात. चांगली सोय आहे, कुणी वापरत नाही. पण 'माहितीच राहिली आहे' असं सांगायचा पर्याय त्या यादीत नाही. काकूंचं कॉटभाडं मी फॉर्ममध्ये हातानं भरलं, या जुलैत पण भरणार आहे, आणि त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय की नवीन दोन पोरं आलीत, त्यांचं पण धरायचं का.